पाव इंच

जन्मात मी एकाच माणसाच्या दंडाचा घेर मोजला. दोनदा मोजला. पहिल्यांदा तो बारा इंच भरला, दुसऱ्यांदा तेरा. मधल्या त्या एका इंचापायी जे काही झालं, ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. आमच्या हिला तर नाहीच नाही, कारण त्यात तिचाही हात आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही.

माणसाचं नाव काशिनाथ भोईर. जिममध्ये त्यांना तोंडावर 'नाना' म्हणत आणि पाठीमागे 'नॅचरल'.

मी जिममध्ये जाणाऱ्यांतला नव्हे. बँकेत कारकून, पोट सुटलेलं, पिढ्यान्‌पिढ्या हातात पेन धरणारं आमचं गुप्त्यांचं घर. पण चाळिशी उलटताच रक्तात साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. भिवंडीत चालायचं कुठे, हे काही डॉक्टरांना विचारता येत नाही. निजामपुऱ्याच्या गल्लीत हातगाडीवरचे तागे, खांद्यावरचे सुताचे बीम आणि रिक्षा यांच्यातून अंग चोरत निघालं की तासाभरात माणूस पन्नास पावलं जातो. म्हणून मी उस्मानभाईंच्या जिमचा रस्ता धरला. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली.

जिम म्हणजे पूर्वी जिथे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, चालायचे ती शेड. लूम भंगारात गेले, फरशीवरचे तेलाचे डाग तेवढे राहिले. शेजारच्या शेडमधले लूम मात्र चालूच होते, त्यामुळे आमच्या रॅकमधले डंबेल दिवसभर आपापसात किणकिणत असत. फक्त शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला, तिथे शांत वाटे.

नाना संध्याकाळी सहाला यायचे, ड्युटीवरून थेट. शेहेचाळीस वर्षांचा काटकुळा माणूस, मनगटं बारीक, कानावर खडू. ते एका कारखान्यात कापडाचे चेकर होते. तिरप्या काचेखाली ट्यूबलाइट लावलेली असते, तिच्यावरून कोरं कापड ओढत न्यायचं आणि तुटलेला धागा, विरळ पट्टी, तेलाचा ठिपका दिसला की खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. कापड बघताना ते मध्येच डोळे मिटून नुसता हात फिरवायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. "डोल्यांना फसवता येतं, गुप्तेसाहेब, बोटांना न्हाय," असं नाना मला म्हणाले होते.

त्यांची सवय कारखान्यात सुटत नव्हती आणि बाहेरही सुटत नव्हती. जिममध्ये आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी दहा किलोचा एक डंबेल दोन्ही हातांत आलटून पालटून तोलला, पिशवीत घातला, समोरच्या भुसाऱ्याच्या काट्यावर नेऊन ठेवला. साडेनऊ भरला. परत आणून त्यावर त्यांनी फुली मारली. उस्मानभाई भडकले.

"नाना, यहाँ कपडा नहीं बिकता!"

"म्हनून काय झालं? पोरगा घरी जाऊन दहा उचल्ला बोलंल. बिचारा उगा खोटा ठरंल न."

उस्मानभाईंनी फुली पुसली. दुसऱ्या दिवशी नानांनी पुन्हा मारली. आठवडाभर हे चाललं. शेवटी उस्मानभाईंनी त्या डंबेलवर रंगाने 'साडेनौ' असं लिहून टाकलं आणि तो वाद मिटला. तो डंबेल मग माझ्या वाट्याला आला, कारण बाकीच्यांना अर्ध्या किलोची लाज वाटायची.

नाना दापोड्याचे. गावातली भातशेती गोडाऊनखाली गेली तशी भोइरांचीही गेली. धाकट्या भावाने ट्रक घेतले, तीन मजल्यांचा बंगला बांधला. नानांना नोकरीची गरज उरली नव्हती. "मग कशाला येता रोज?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरी बसून काय करू? भिंती चेक करू?" नानांची बायको सहा-सात वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. बंगल्याचा सगळ्यात वरचा मजला नानांचा होता. खाली भावाचं घर भरलेलं. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो टीव्हीसमोर बसून जेवे. नानांचं ताट झाकून वर जाई. त्या घरात एकच जण आपलं ताट हातात घेऊन तीन जिने चढून त्यांच्याकडे जेवायला जायचा. तो म्हणजे भावाचा मुलगा, रुपेश.

रुपेश बाविशीतला. देखणा, रुंद खांद्यांचा, आरशाचं वेड असलेला. त्याला तालुक्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं होतं. आमच्या जिममध्ये तेव्हा 'कोर्स' हा शब्द फार ऐकू यायचा. हा कोर्स शिकायचा नव्हे, टोचायचा, स्टिरॉइडच्या सुयांचा. कल्याणहून एक जण यायचा, पोरांना कोपऱ्यात घेऊन बोलायचा, आणि चार महिन्यांत त्या पोराची मान नाहीशी व्हायची. रुपेशलाही तो कोपऱ्यात घेऊन बोलला होता. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी रुपेशला विचारलं, "सुईशिवाय व्हत न्हाय, हे तुना कोनी सांगितलं?"

"सगले बोलतात नाना."

"सगल्यांनी करून बघितलाय का?"

रुपेशने मग सायबर कॅफेतून वीस-बावीस पानं छापून आणली. नैसर्गिक पद्धतीने शरीर कमवायचा वर्षभराचा कार्यक्रम. कसली औषधं नाहीत, सुई नाही, नुसता व्यायाम आणि जेवण. पोराने ती पानं टिंगल करायला आणली होती, 'बघा, असलं असतं नॅचरल' असं म्हणायला. नानांनी ती घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "एक वर्ष थांब. मी करून बघतो. या वयात माझा दंड अर्धा इंच वाढला तर प्रोग्राम पास. मंग तुना पन सुई न्हाय. न्हाय वाढला तर फेल. मंग तुजा तू. मी एक शबुद बोलनार न्हाय."

रुपेशने हात पुढे केला. नानांनी तो धरला. उस्मानभाई, मी आणि आणखी पाच-सहा जण साक्षीला होतो. त्या हातावर पोराचं पुढचं आयुष्य टांगलेलं आहे हे तिथल्या प्रत्येकाला समजलं होतं, आणि तरी आम्ही हसलो.

पानं इंग्रजीत होती म्हणून ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. चार शुक्रवार आम्ही बाकावर बसून ती वाचली. बँकेत ऑडिटर येऊन जातात, पण असा माणूस मी पाहिला नाही. मी वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि नानांची पेन्सिल थांबायची.

"'पुष्कळ जणांना सहा आठवड्यांत फरक जाणवतो'," मी वाचलं.

"पुष्कल म्हंजे कती? आनि जानवतो म्हंजे? मोजला का जानवला?" फुली.

"'शांत झोप घ्या, मन प्रसन्न ठेवा'."

"यो माप न्हाय साहेब, यो आशीर्वाद झाला." फुली.

पण जिथे स्पष्ट आकडा असे, वजन किती, किती वेळा उचलायचं, मध्ये किती थांबायचं, तिथे ते मान हलवत आणि पुढे चला म्हणत. खाण्याच्या पानावर आम्ही अडलो. त्यात टर्की होती, ब्रोकोली होती, ओट्स होते. ब्रोकोली म्हणजे हिरवा फ्लॉवर, एवढं मला माहीत होतं. टर्की म्हणजे मोठी कोंबडी असते असं मी ठोकून दिलं. नानांनी टर्कीच्या जागी अंडी, उकडलेले चणे आणि सुका जवळा लिहिला. "जवल्यात काय कमी हाय? आमच्या खाडीवाल्यांची हाडं कशावर झाली?" दिवसातून सहा वेळा खायचं होतं. सहा डबे आणले गेले, सगळे सारखे, प्रत्येकावर खडूने आकडा.

आणि मग मापाची पट्टी. बाजारातल्या टेपवर नानांचा विश्वास नव्हता. म्हणत, ती ताणली की ताणते. त्यांनी कारखान्यातून कोऱ्या कापडाच्या किनारीची एक लांब पट्टी आणली. लूमवरून उतरलेली, कांजीने कडक, कागदासारखी वाजणारी. पोलादी पट्टीला लावून त्यांनी तिच्यावर काळ्या शाईने इंच पाडले, पाव पाडले. पहिल्या दिवशी मी त्यांचा दंड, छाती, मांडी, कंबर आणि मनगट मोजलं आणि आकडे पानावर लिहिले. दंड बारा. मनगट साडेसहा. मनगट कशाला, असं मी म्हणालो. "लिवून ठेवा," नाना म्हणाले. मग पट्टी गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही आता तुमच्याकडं ऱ्हाईल. ज्याचा माल त्याच्या हातात माप ठेवू नये. वर्षानं काढू. मधी काढायची न्हाय, मधी मोजला का मन चलतं." माझ्यावर कुणी असा विश्वास आधी टाकला नव्हता. बँकेने चाव्या दिल्या होत्या, पण त्या दोघांच्या सहीने.

ते वर्ष नानांनी जसंच्या तसं पाळलं. त्यांच्या समाजातली हळद म्हणजे काय असते ते ज्याने पाहिलंय त्यालाच त्याचं मोल कळेल. एका हळदीला मीही गेलो होतो. मांडवात बँजो वाजत होता, मटणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता, आणि नाना पंगतीच्या टोकाला बसून पाच नंबरचा डबा उघडत होते. एक म्हातारी त्यांच्यासमोर वाडगा धरून म्हणाली, "खा रं काशिनाथ, कवरासा झालास!" नाना हात जोडून म्हणाले, "मावशे, ड्युटीवर हाय." सगळे हसले. हळूहळू लोकांनी त्यांना आग्रह करणं सोडलं, मग बोलावणंही कमी केलं. पंगतीत न जेवणाऱ्याला पंगतीत काय काम?

पण त्या वर्षात नाना एकटे नव्हते. वर्षभर थांबायचं कबूल केलं होतं म्हणून रुपेशही तेच खाऊ लागला. संध्याकाळचा डबा दोघं वरच्या मजल्यावर समोरासमोर बसून खात. चणे कच्चे राहिले म्हणून भांडत, जवळा कुणाला जास्त आला म्हणून भांडत. मी एकदा गेलो होतो, तर रुपेश अंड्यांतला पिवळा भाग काढून नानांच्या ताटात ढकलत होता आणि नाना तो परत त्याच्याकडे ढकलत होते. पानात लिहिलं होतं की बलक एकच. दोघांचा एकेक होऊन तिसरा उरला होता. शेवटी तो त्यांनी मला खायला लावला. साखरवाल्या माणसाला बलक चालतो का, हे कुणी विचारलं नाही. जिना उतरताना मला जाणवलं की या माणसाला वर्ष संपायला नको आहे.

दिवाळीआधी आमच्या घरी साफसफाई निघाली. संध्याकाळी बँकेतून आलो तर दोरीवर ती पट्टी वाळत होती. कपाटात घामट वास मारणारं एक चिरगुट सापडलं म्हणून हिने ते बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात भिजवून धुतलं होतं. शाई पक्की होती, आकडे शाबूत होते. मी पट्टी इस्त्रीच्या घडीखाली दाबून सरळ केली आणि परत पिशवीत घातली. हिला काही बोललो नाही. नानांनाही नाही. चांगली स्वच्छ झाली, आणखी काय व्हायचं, असंच मला वाटलं. भिवंडीत जन्मलो, भिवंडीत वाढलो, चोवीस तास लूमचा आवाज कानात. पण कापडाविषयी मला एवढीच अक्कल होती.

वर्ष भरलं तो शुक्रवार होता. लूम बंद, जिम गच्च. ज्यांचा काही संबंध नाही असेही लोक आले होते. नाना बनियन काढून उभे राहिले. मला तरी ते पूर्वीइतकेच काटकुळे दिसले, पण मी काही जाणकार नव्हे. मी पट्टी उलगडून दंडाला गुंडाळली. हातातल्या आकड्यावर माझाच विश्वास बसेना.

"तेरा," मी म्हणालो.

जो काही गलका झाला! शिट्ट्या, टाळ्या. उस्मानभाईंनी "माशाल्ला!" म्हणत फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'तेरह' लिहिलं. अर्ध्याची बोली, एक इंच पूर्ण. छाती मोजली तर तीही दोन इंचांहून जास्त वाढलेली. रुपेशने वाकून नानांना दोन्ही मांड्यांना धरून वर उचललं. तो हसत होता. खोटं नाही सांगत, त्या पोराच्या तोंडावर मला सुटका दिसली. आता सुई नको म्हणायला त्याला कारण मिळालं होतं. "पास! नाना, पास!" तो ओरडत होता.

नाना वर होते. पट्टीचं लोंबतं टोक त्यांच्या हातात आलं होतं. अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी ते एकदा चोळलं. मग डोळे मिटून पुन्हा चोळलं.

"उतरव मना," ते म्हणाले.

"नाना, पास—"

"उतरव."

खाली आल्यावर त्यांनी माझ्यासमोर मनगट धरलं. "मोजा."

मी मोजलं. साडेसहाचं मनगट सातला टेकत होतं.

"हाड वाढतं का वो साहेब, सत्तेचालीसाव्या वर्षी?" त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यांकडे वळले. "पट्टीची कांजी गेलीय. हिला पानी लागलाय. कोरा कापड धुतला का आटतो. पट्टी आटली, दंड वाढला न्हाय."

मग नानांनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली, कापडाची पट्टी तिला लावून कुठला आकडा कुठे सरकला आहे ते पाहिलं. सगळे बघत होते. त्यांनी दंडाचा हिशेब केला, पुन्हा केला.

"सव्वाबारा," ते म्हणाले. "पाव इंच."

"नाना," रुपेश खालच्या आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना. कोनाला कललं अस्तं? तेराच."

उस्मानभाईंनी त्यांना बाजूला ओढलं. मी जवळच होतो. "नाना, एक इंच बोल दो. बच्चे का भला होगा. अल्ला माफ करेगा."

नाना रुपेशकडे बघत उभे राहिले. मग ते फळ्यापाशी गेले, 'तेरह' पुसलं आणि मराठीत लिहिलं : 'सव्वाबारा. फेल.'

"मी खोटा माप दाखवून तुना थांबवला," ते रुपेशला म्हणाले, "तर उद्या तू कुटल्या मापावर इस्वास ठेवशील? आता तुजा तू. शबुद दिलाय, मी बोलनार न्हाय."

पट्टी कुणी धुतली, हे त्यांनी विचारलं नाही. एकदा फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी 'माझ्याकडून झालं' एवढे दोन शब्द बोलायला हवे होते. मी गप्प बसलो. शरमेने बसलो म्हणा, भित्रेपणाने म्हणा. माझ्या आयुष्यातल्या गप्प बसण्यांमध्ये ते सगळ्यात वाईट.

पुढचं सांगायला फार नाही. रुपेश कल्याणच्या जिमला जाऊ लागला. आठ-नऊ महिन्यांत त्याचा शर्ट त्याला पुरेना. तालुक्याच्या स्पर्धेत तो पहिला आला, नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला, खाली भोईर परिवाराचे सगळे फोटो. त्यात नाना होते, कोपऱ्यात. रुपेशला आता वेगळं खाणं होतं, वेगळ्या वेळा होत्या, वेगळी खोली होती. तीन जिने चढायचं त्याचं काम राहिलं नाही.

नाना जिमला येत राहिले. त्यांनी तो कार्यक्रम पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केला होता. मी म्हटलं, फेल ठरवलात ना? तर म्हणाले, "एक तुकडा बघून ताग्याचं ठरवत न्हाय साहेब. मी शेहेचालीसचा व्हतो, माजी मोजनी पन एकाच मानसावरची. तरनी पोरं असती, धा-बारा जनं, तर निराला आकडा आला अस्ता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पाव इंच पन काय खोटा न्हवता." पण हे ऐकायला आता मीच होतो. पोरं त्यांच्या पाठीमागे 'पाव इंच, पाव इंच' करत. 'नॅचरल' हे नाव गेलं.

एका रविवारी सकाळी मी दापोड्याला गेलो, कबुली द्यायचीच असं ठरवून. गोडाऊनच्या रांगांमधून, उभ्या ट्रकांमधून वाट काढत बंगल्यावर पोचलो. नाना वर एकटेच होते. ओट्यावर सहा डबे पुसून पालथे घातलेले. खिडकीतून जिथे पूर्वी शेतं दिसायची तिथे पत्रेच पत्रे. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "नाना, ती पट्टी आमच्या घरी—"

"जेवलाव का?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण मी काय म्हणतो, दिवाळीत आमच्या—"

"बसा मंग. अंडी उकडलीत. एकल्याला खायचा कटाला येतो."

त्यांनी दोन अंडी सोलून माझ्यापुढे ठेवली, मिठाची वाटी सरकवली आणि माझ्यासमोर बसून मी खातो की नाही ते बघत राहिले. मी खाल्लं. त्यांना सगळं माहीत होतं की काहीच ऐकायचं नव्हतं, मला आजतागायत कळलेलं नाही. निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "पुन्हा या. सकाली आलाव तर दोन नंबरचा डबा असतो." मी पुन्हा येतो म्हणालो. गेलो नाही. त्यांना तोंड दाखवायला जड जायचं, आणि पुढे माझी बदली ठाण्याला झाली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अकलोलीला. हिचे गुडघे धरले होते, कुणी सांगितलं गरम पाण्याच्या कुंडात बसा म्हणून. जानेवारीतली सकाळ. मी कठड्यावर टॉवेल धरून उभा होतो, तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून भोइरांचं सगळं खटलं उतरलं. वज्रेश्वरीला नवस फेडायला आले असावेत. पुरुष मंडळी कपडे काढून शेजारच्या कुंडात उतरली. नानाही उतरले, चड्डीवर, उघडे. केस पिकले होते. दंड तसाच होता, माझ्या मापातला.

रुपेश मात्र शर्टासकट पाण्यात उतरला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली.

"अरे चॅम्पियन, शर्ट काढ की! बॉडी दाखव!" कुणीतरी ओरडलं. सगळे त्याच्या मागे लागले. एका मेव्हण्याने मागून कॉलर धरली. रुपेशने त्याचा हात झटकला. "थंडी वाजते मना," तो म्हणाला.

पाण्यातून वाफ निघत होती. लोक हसायला लागले.

शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. पाठीवरचे लाल फोड कापडातून दिसत होते. छातीवर दोन्ही बाजूंना कापड वर आलं होतं आणि तो दोन बोटांनी ते सारखं सोडवत होता, पुढे वाकत होता, खांदे आत घेत होता. कोर्स घेणाऱ्या काही जणांची छाती बाईसारखी सुटते हे मला जिममुळे ठाऊक होतं. बाकीच्यांच्या ते ध्यानात आलं नसावं.

नाना पलीकडच्या कोपऱ्यात होते. त्यांची नजर त्या पाठीवर गेली, आणि पुढे कुठे कुठे गेली ते मी पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांतून काही सुटलेलं नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

ते कुंडाबाहेर आले. कठड्यावर त्यांचे कपडे ठेवले होते. ओल्या अंगावर त्यांनी शर्ट चढवला, एकेक बटण लावलं, गळ्याचंही लावलं, बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. मग पायऱ्या उतरून पाण्यातून चालत गेले आणि रुपेशच्या बाजूला, त्याच्या आणि त्या माणसांच्या मध्ये, गळ्यापर्यंत बुडून बसले.

"नाना, येडा झालास काय रं? शर्ट घालून?"

"मना पन थंडी वाजते," नाना म्हणाले.